पॅरिश हॉलचा फंड: सारखे विचारले जाणारे प्रश्न आणि खजिनदाराची उत्तरं

नाशिकच्या आपल्या पॅरिशचा (म्हणजे धर्मग्रामाचा) नवीन हॉल बांधायला आपण जो फंड गोळा करतोय, त्याबद्दल रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर (मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासना) चर्चच्या पायऱ्यांवर मला जे जे प्रश्न विचारले जातात ते इथे लिहून काढलेत, कारण दर रविवारी तेच तेच सांगून घसा बसतो आणि घरी बायको म्हणते की जेवण गार झालं. मी बिल्डिंग कमिटीचा खजिनदार, नोटप्रेसमधून रिटायर झालेला माणूस, त्यामुळे नोटा मोजायची सवय आहे पण वकील किंवा सीए नाही. कायद्याचं जे खाली लिहिलंय ते आपल्या सीएकडून तपासून घेतलेलं आहे.

मुळात नवीन हॉल हवाच कशाला? पत्र्याची शेड आहे की.

आहे ना. मागच्या जूनमध्ये धर्मशिक्षणाच्या वर्गाला तुम्ही आला असतात तर हा प्रश्न विचारला नसता. पहिल्या कम्युनियनची (पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणारी) पोरं बसली होती, पाऊस सुरू झाला आणि पत्र्यावर एवढा आवाज की सिस्टर ओठ हलवतायत आणि पोरं नुसती बघतायत, मग डाव्या कोपऱ्यातून धार लागली, तिथे आम्ही बादली ठेवली, दुसरीकडे लागली तिथे चहाचं पातेलं ठेवलं, शेवटी पोरांना चर्चमध्ये नेलं तर तिथे बाप्तिस्मा चालू. त्याच शेडमध्ये मयतानंतर लोकांना चहा देतो, त्याच शेडमध्ये महिला मंडळ, तमिळ ग्रुपची प्रार्थना, ज्येष्ठांची आरोग्य तपासणी, आणि खुर्च्या ठेवायला जागा नाही म्हणून खुर्च्या साक्रिस्टीच्या (फादरांच्या तयारीच्या खोलीच्या) मागे ताडपत्रीखाली. लग्नाला तर प्रत्येक घर बाहेर लॉन्स बघतं आणि गंगापूर रोडच्या लॉन्सचं भाडं ऐकून पोरीच्या बापाचा चेहरा कसा होतो ते मी बघितलंय.

किती पैसे लागणार? आकडा सांगा, गोल गोल नको.

फायनल आकडा आर्किटेक्टचं एस्टिमेट आल्यावर बोर्डावर लागेल. पण आकडा कसा बनतो ते आत्ताच समजून घ्या, म्हणजे नंतर "तुम्ही आधी वेगळं सांगितलं होतं" असं व्हायला नको. समजा ४,००० स्क्वेअर फूट बांधकाम आणि समजा फुटाला २,२०० रुपये दर धरला (हा नुसता गणितासाठी धरलाय, कोटेशन नाही), तर झाले ८८ लाख. सगळे इथेच थांबतात. त्यावर कॉन्ट्रॅक्टरचा जीएसटी १८ टक्के, म्हणजे १५ लाख ८४ हजार, एकूण १ कोटी ३ लाख ८४ हजार. अजून आर्किटेक्ट, आरसीसीवाला (पाया-कॉलमचं डिझाईन करणारा इंजिनियर), महापालिकेचे चार्जेस, फायरचं सामान, मीटर, बोअर, पंखे, खुर्च्या, साऊंड काहीच धरलेलं नाही. म्हणून कोणी कोटेशन आणलं की माझा पहिला प्रश्न एकच, जीएसटी धरून का सोडून?

सिमेंटवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ मध्ये २८ वरून १८ टक्क्यांवर आला ते खरंय, त्याने थोडा फरक पडतो, पण कॉन्ट्रॅक्टरच्या बिलावरचा १८ तसाच आहे. आणि एक नाशिकचं म्हणून सांगतो, सिंहस्थाची कामं चालू आहेत तोवर चांगले मुकादम आणि सेंट्रिंगवाले हाताला लागणं अवघड, सगळे रस्त्याच्या आणि पुलाच्या कामावर. आपल्यासारख्या छोट्या कामाला ते "बघू" म्हणतात आणि मग फोन उचलत नाहीत.

ठरवतं कोण? फादर का कमिटी?

दोघंही, आणि दोघांच्या वर बिशप, म्हणजे आपल्या धर्मप्रांताचे (सगळ्या पॅरिश मिळून होतो त्या भागाचे) प्रमुख. चर्चचा कायदा म्हणजे कॅनन लॉ, आत्ताचा १९८३ सालचा, त्यात कॅनन ५३७ मध्ये लिहिलंय की प्रत्येक पॅरिशला फिनान्स कौन्सिल पाहिजेच. पास्टोरल कौन्सिल (पॅरिशच्या बाकी कामाचं सल्लागार मंडळ) बिशपच्या मर्जीवर आहे पण फिनान्स कौन्सिल मर्जीवर नाही. ही कौन्सिल फादरांना मदत करते, व्यवहारात पॅरिशच्या वतीने सही मात्र पॅरिश प्रिस्टची, म्हणजे फादरांचीच (कॅनन ५३२). आणि एवढा मोठा खर्च रोजच्या कारभारात बसत नाही, त्याला बिशप हाऊसची, म्हणजे धर्मप्रांताच्या ऑफिसची, लेखी परवानगी लागते. म्हणजे मी खजिनदार असलो तरी चेकवर माझ्या एकट्याच्या सहीने काही निघत नाही, आणि फादरांच्या एकट्याच्याही नाही, खात्यावर दोन सह्या लागतात असं आपण सुरुवातीलाच ठरवून घेतलं.

फादरांची बदली झाली तर काय, हाही प्रश्न येतो. होणारच, दर काही वर्षांनी होते. म्हणूनच सगळं कागदावर. नवीन फादर आले की त्यांच्या हातात फाईल द्यायची, आठवणी नाही.

जागा आपल्या नावावर आहे का?

"आपल्या" म्हणजे पॅरिशच्या नावावर नाही, धर्मप्रांताच्या ट्रस्टच्या नावावर, बहुतेक पॅरिशचं असंच असतं. हा ट्रस्ट महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली, म्हणजे १९५० चा तो कायदा, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला आहे. त्यामुळे नकाशा मंजुरीचा अर्जही ट्रस्टच्या नावानेच जाणार. मंजुरी नाशिक महापालिकेची, युनिफाईड डीसीपीआर (राज्याची बांधकामाची नियमावली) प्रमाणे, ती मिळाल्याशिवाय कुदळ मारायची नाही. गर्दीची बिल्डिंग असल्यामुळे फायर एनओसी, दोन जिने का, दरवाजा बाहेर उघडतो का, हे सगळं ते बघतात. "आधी बांधू मग रेग्युलराईज करू" असं सांगणारे दोन जण भेटले, दोघांनाही चहा पाजून घरी पाठवलं.

बिशप हाऊसकडे एवढे पैसे असतात, ते का देत नाहीत?

असा समज आहे. आपला धर्मप्रांत १९८७ मध्ये पुण्यातून वेगळा झाला, त्यात नाशिकबरोबर नगर, धुळे, नंदुरबार, जळगाव असे जिल्हे येतात. तिकडच्या कितीतरी गावांत अजून चर्चचं छप्पर नीट नाही, धर्मगुरूला एका रविवारी तीन-तीन गावं करावी लागतात. तिकडचा पैसा काढून आपल्या शहरातल्या हॉलला टाईल्स लावायच्या का? मला विचाराल तर नाही. थोडी मदत मागू, मिळाली तर आनंद, पण भार आपलाच.

प्रत्येक घराने किती द्यायचं? सक्ती आहे का?

सक्ती नाही. हे मोठ्या अक्षरात वाचा. बाप्तिस्मा, लग्न, दफन, शाळेचं पत्र, यातलं काहीही हॉलच्या वर्गणीवर अडणार नाही, आणि कोणी अडवलं तर मला नाही, डायरेक्ट फादरांना सांगा. चर्चच्या गरजा भागवणं ही श्रद्धावंतांची जबाबदारी आहे असं कॅनन २२२ सांगतं पण त्यात दर लिहिलेला नाही.

आता गणित. समजा पॅरिशमध्ये ३५० घरं आहेत आणि प्रत्येकाने महिन्याला ५०० दिले, तर महिन्याला १ लाख ७५ हजार, तीन वर्षांत ६३ लाख. ऐकायला मस्त. पण ३५० घरं कधीच देत नाहीत, निम्मी दिली तरी मी मेणबत्ती लावीन. आणि सगळ्यांना ५०० ची एकच पट्टी लावणं मला पटतही नाही. आपल्याकडे अंबडच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर असलेला मुलगा आहे ज्याचा पगार महिनाअखेर संपलेला असतो, प्रेसची पेन्शन घेणारे आमच्यासारखे आहेत, आयटीतली जोडपी आहेत, आणि दिंडोरी-निफाडकडे ज्यांची थोडी द्राक्षबाग आहे त्यांच्याकडे पैसा येतो तो मार्च-एप्रिलमध्ये, बाकी वर्षभर औषध-फवारणीची उधारी. त्यांना दर महिन्याला मागणं म्हणजे उगाच लाजवणं. म्हणून वर्गणीच्या कार्डावर चार रकाने ठेवलेत, दर महिना, तिमाही, सीझनला, आणि एकदाच. आकडा तुम्ही भरायचा. पाकीट बंद. झोनच्या (पॅरिशमधल्या एका भागाच्या) लीडरने घरोघरी जाऊन "शेजारच्यांनी एवढे दिले" असं बोलायचं नाही, हे मी लीडर लोकांच्या मीटिंगमध्ये दोनदा सांगितलंय आणि तिसऱ्यांदाही सांगणार कारण एक जण तरीही बोलून आला.

मी काहीच देऊ शकत नाही, चालेल का?

चालेल. एक मावशी आहेत, धुणीभांडी करतात, त्यांनी पार्लेजीच्या रिकाम्या पुड्यात नाणी आणून दिली, वर रबरबँड. मोजली तर २३७ रुपये. पावती २३७ चीच फाडली, २३५ नाही आणि २४० नाही. त्या म्हणाल्या पावती कशाला, मी म्हटलं मावशी पावती तुमच्यासाठी नाही, माझ्यासाठी आहे.

ज्यांना तेही जमत नाही त्यांच्यासाठी स्लॅबच्या दिवशी पाणी मारायला, चहा करायला, रात्री स्टील राखायला माणसं लागतातच. तेवढंच सांगतो की हाताला ग्लोव्हज आणि डोक्याला हेल्मेट नसेल त्याला साईटवर घेणार नाही.

पावती मिळते का? यूपीआय चालेल का?

पावती मिळतेच, नाही मिळाली तर पैसे दिलेच नाहीत असं समजा आणि परत मागा. पावतीपुस्तक नंबर छापलेलं आहे, कार्बनची कॉपी आत राहते, आणि पावतीवर "हेतू" असा रकाना आहे, त्यात "नवीन पॅरिश हॉल बांधकाम" असं लिहून घ्या. हा रकाना फार महत्त्वाचा आहे, का ते खाली येतंच.

यूपीआय चालेल पण स्कॅन केल्यावर मोबाईलवर ट्रस्टचं नाव आलं पाहिजे. कोणाही माणसाचं नाव आलं, माझं आलं तरी, पैसे पाठवायचे नाहीत. मध्ये एकाने चांगल्या मनाने स्वतःचा क्यूआर झोनच्या ग्रुपवर टाकला, चार जणांनी पैसे पाठवलेही, ते ट्रस्टच्या खात्यात आणून हिशोब जुळवायला मला आठ दिवस लागले.

रोख चालते पण एका माणसाकडून २ लाख किंवा जास्त रोख घेता येत नाही, आयकराचा नियम आहे, घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्याला. हप्ते पाडून घेऊ का असं विचारू नका, तोही त्यातच मोजला जातो. चर्चच्या दारातल्या पेटीत जे निनावी टाकलं जातं ते मात्र धार्मिक ट्रस्टला चालतं, त्याच्यावर निनावी देणगीचा वेगळा ३० टक्के टॅक्स लागत नाही. तरी पेटी दर रविवारी तिघांसमोर उघडतो आणि तिघं सही करतो.

८० जी (देणगीवर देणाऱ्याला आयकरात सूट) मिळेल का?

बहुतेक नाही. हे ऐकून एक-दोन मोठे देणगीदार गप्प झाले पण खोटं सांगण्यात अर्थ नाही. ८० जी ची सवलत धर्मादाय कामाला असते, एकाच धर्माच्या समाजापुरत्या असलेल्या संस्थेला नाही. पॅरिशचा ट्रस्ट धार्मिक, हॉल चर्चच्या आवारात, तर पावतीवर ८० जी छापता येत नाही.

मग लोक म्हणतात धर्मप्रांताची समाजसेवेची वेगळी संस्था असेल ना, तिला ८० जी असेल, तिच्या नावाने चेक देतो, तुम्ही नंतर फिरवून घ्या. अजिबात नाही. समाजसेवेच्या नावाने घेतलेला पैसा हॉलच्या विटांमध्ये घालणं म्हणजे त्या संस्थेचं सगळं रजिस्ट्रेशन धोक्यात, आणि तिच्यावर आदिवासी पाड्यांवरची कामं अवलंबून असतात. तुमचे चार पैसे टॅक्स वाचवायला एवढा मोठा खड्डा कोण खणणार?

माझा भाऊ दुबईला आहे, तो पाठवू शकतो का? आणि काका कॅनडात आहेत.

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ आहे म्हणून सावकाश वाचा.

बघायचं ते पासपोर्टकडे, देशाकडे नाही. भाऊ दुबईला आहे, मस्कतला आहे, बोटीवर आहे, पण पासपोर्ट भारतीय आहे, आणि स्वतःच्या कमाईतले पैसे बँकेतून पाठवतोय, तर ते परदेशी देणगी धरत नाहीत. ट्रस्टच्या नेहमीच्या खात्यात चालतात. फक्त पासपोर्टच्या पहिल्या पानाची कॉपी आणि एक सही केलेलं पत्र द्यायला सांगा, फाईलला लावायला. त्याच्या कंपनीने दिले किंवा तिथल्या दहा मित्रांनी मिळून गोळा करून दिले, त्यात दोन फिलिपिनो असले, तर मात्र गोष्ट बदलली.

काकांचा पासपोर्ट आता कॅनडाचा आहे. ओसीआय कार्ड असलं, जन्म देवळालीचा असला, दर ख्रिसमसला इथे येत असले तरी कायद्याने ते परदेशी. त्यांचे पैसे म्हणजे परदेशी देणगी आणि त्याला एफसीआरए लागू, म्हणजे परदेशी देणग्यांचा २०१० चा कायदा. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे पैसे फक्त दिल्लीच्या स्टेट बँकेच्या मेन ब्रँचमधल्या एफसीआरए खात्यात घ्यायचे आणि एका संस्थेने घेतलेले दुसऱ्या संस्थेला देता येत नाहीत. म्हणजे ज्या ट्रस्टचं एफसीआरए आहे त्यानेच खर्च करायचा, तोही ज्या कामासाठी रजिस्ट्रेशन आहे त्याच कामावर. काका इथे आल्यावर खिशातून रुपयांत काढून दिले तरीसुद्धा ते परदेशीच, हे लोकांना पटत नाही. "अहो आपल्या नाशिकच्या एटीएममधून काढलेत" असं मला सांगितलं गेलंय.

म्हणून काकांना सांगा की आधी मला फोन करा, मी बिशप हाऊसला विचारतो, मग पाठवा. त्यांच्या पैशाने तुम्ही तुमच्या नावाने द्यायचं ही आयडिया मनात आली असेल तर तिथेच सोडा.

खासदार निधी, आमदार निधी? कंपनीचा सीएसआर?

खासदार निधीच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की पूजास्थानात किंवा धार्मिक संस्थेच्या मालकीच्या जागेवर काम चालत नाही. देऊळ असो, मशीद असो, चर्च असो. निवडणुकीच्या आधी कोणी येऊन "हॉल देतो" म्हणालं तर हसून हात जोडायचे.

सीएसआर, म्हणजे कंपन्या समाजकामाला देतात तो पैसा, त्यातही धार्मिक काम बसत नाही. सातपूर-अंबडच्या कंपन्यांत आपली माणसं आहेत, ती उत्साहाने विचारतात. उद्या हॉलमध्ये सगळ्या जातीधर्माच्या पोरांसाठी अभ्यासिका किंवा शिवणक्लास चालवला तर त्या उपक्रमासाठी, म्हणजे कॉम्प्युटर, मशीन यासाठी, मागता येईल. भिंतींसाठी नाही.

हाऊजी ठेवू या का? लकी ड्रॉ?

खाण्याचे स्टॉल ठेवू. सोरपोतेल, पॅटिस, केक, नगरकडच्या बायकांची मटण-भाकरी, हे सगळं संपतं, उलट कमी पडतं. मागच्या फेअरला भाकरीच्या लाईनमध्ये बाहेरचे लोकच जास्त होते.

तिकीट विकून नंबर काढून बक्षीस देणं म्हणजे लॉटरी, त्याला सरकारी परवानगी लागते, "चर्चचं काम आहे" हे कारण पोलीस स्टेशनला चालत नाही. हाऊजीवरही आमच्या कमिटीत दोन गट आहेत. माझं मत नको. पैसा येतो हे खरं, पण मग लहान पोरं शंभर-शंभरची तिकिटं घेऊन बसलेली बघवत नाहीत.

कोणीतरी सुचवलं की फेब्रुवारीत नाशिकरोडला बाळ येशूच्या सणाला एवढी गर्दी असते, तिथे आपलं काऊंटर लावू. ती तीर्थस्थानाची गर्दी आहे, तिथले भाविक नवस घेऊन कुठून कुठून आलेले असतात, त्यांच्यापुढे आपली पेटी हलवायची नाही. हरेगावच्या यात्रेलाही तेच.

बँकेचं कर्ज काढून एकदाच उरकून टाका ना.

ट्रस्टला कर्ज काढायचं तर धर्मादाय आयुक्तांचे नियम पाळावे लागतात. आणि "मी बिनव्याजी ५ लाख देतो, दोन वर्षांनी परत करा" ही ऑफरही कर्जच आहे, तिलाही तेच. ऑफर देणाऱ्याचं मन मोठं असतं त्यात शंका नाही, पण दोन वर्षांनी त्याच्या मुलीचं लग्न निघतं, आपल्याकडे पैसे नसतात, आणि मग तो माणूस चर्चला यायचाच बंद होतो. हे मी बघितलंय, दुसऱ्या गावात.

गोळा झालेले पैसे लगेच खर्च नाही झाले तर टॅक्स लागेल?

ट्रस्टने वर्षाच्या उत्पन्नातले ८५ टक्के त्या वर्षी खर्च करायचे असतात. बांधकामासाठी साठवायचे असतील तर हेतू लिहून आयकर खात्याला वेळेत फॉर्म भरून कळवायचं, मग पाच वर्षांपर्यंत ठेवता येतात, बँकेत, एफडीत. कोणाच्या पतसंस्थेत जास्त व्याजासाठी नाही. ही तारीख चुकली तर फार महागात पडतं म्हणून माझ्या कॅलेंडरवर लाल पेनने गोल केलाय.

हॉलचे पैसे दुसऱ्या कामाला वळवले तर? पूर्वी झालंय तसं.

झालंय. पूर्वी एका कामाला वर्गणी गोळा झाली, काम अर्धवट राहिलं, उरलेले पैसे कुठे गेले त्याचा कागद आजतागायत मिळाला नाही. कोणी खाल्ले असं मी म्हणत नाही, बहुतेक इकडच्या-तिकडच्या दुरुस्तीत गेले असतील. पण कागद नाही, आणि त्यामुळे आज पंधरा वर्षांनी मी पावतीपुस्तक घेऊन उभा राहिलो की म्हातारी माणसं आधी तेच विचारतात. त्यांचा राग माझ्यावर नाही हे माहितीये पण ऐकून मलाच घ्यावं लागतं.

म्हणून तो "हेतू"चा रकाना. कॅनन १२६७ मध्ये लिहिलंय की श्रद्धावंतांनी ज्या कामासाठी दान दिलं त्याच कामासाठी ते वापरायचं. फादर, मी, कमिटी, कोणीही ते बदलू शकत नाही, अगदी चर्चचं छप्पर गळायला लागलं तरी त्यासाठी वेगळी वर्गणी काढावी लागेल. पावतीवर हॉल लिहिलेलं असेल तर तुमच्या हातात पुरावा आहे.

हिशोब कुठे बघायला मिळेल?

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बोर्डावर एक कागद लागतो: मागची शिल्लक, जमा, खर्च, आत्ताची शिल्लक, आणि त्याच्याशेजारी बँकेच्या पासबुकाच्या पानाची झेरॉक्स. कागदावर आकडा आणि झेरॉक्सवर आकडा जुळला पाहिजे. श्रद्धावंतांनी दिलेल्या पैशाचा हिशोब त्यांना द्यायचा हे कॅनन १२८७ मध्येच आहे, मी काही उपकार करत नाही. ऑडिट ट्रस्टचा ऑडिटर करतो ते वेगळं.

देणगीदारांची नावं आणि रकमा मात्र बोर्डावर लावत नाही. ज्याला स्वतःची एन्ट्री बघायची त्याने रजिस्टर बघावं, दुसऱ्याची दाखवणार नाही.

संगमरवरी पाटीवर नाव लागेल का?

मीटिंगमध्ये यावर दीड तास गेला. ठरलं असं की एकच पाटी, त्यावर "धर्मग्रामाच्या श्रद्धावंतांनी बांधला" आणि वर्ष. खुर्चीवर नाव, पंख्यावर नाव असलं काही नाही. एका काकांनी पंख्याच्या पातीवर स्वतःच्या आईचं नाव लिहायला मागितलं होतं, फिरायला लागल्यावर वाचणार कोण? दिवंगतांसाठी वेगळी वही ठेवणार आहोत, ज्यांच्या आठवणीत दान दिलं त्यांची नावं त्यात, आणि नोव्हेंबरमध्ये मृतांच्या महिन्यात ती वही वेदीजवळ ठेवणार. मिस्सा मात्र देणगीच्या बदल्यात "मिळत" नाही, दोन्हीचा व्यवहार जोडायचा नाही.

काम आपल्यातल्याच कॉन्ट्रॅक्टरला का देत नाही?

देऊ की, त्याने कोटेशन द्यावं. तीन सीलबंद कोटेशन येणार, सगळ्यांना एकच आयटम लिस्ट, कमिटीसमोर एकाच दिवशी उघडणार. कमिटीतल्या कोणाचा नातेवाईक असेल तर तो मेंबर त्या दिवशी बाहेर चहा पिणार. एकाने मला "थोडं रोखीत घ्या, जीएसटी वाचेल" असं सुचवलं, त्याचं नाव यादीतून काढलं. पेमेंट सगळं चेकने, टीडीएस कापून, आणि प्रत्येक बिलातून ५ टक्के आपण राखून ठेवणार, ते काम संपल्यावर एक पूर्ण पावसाळा बघून देणार. शेडच्या गळतीतून एवढं तरी शिकलो.

जमीन आपली काळी माती आहे, पाण्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगा पडतात, म्हणून पाया मुरमापर्यंत न्यायचा, किती खोल ते माती तपासून आरसीसीवाला सांगेल. तिथे पैसे वाचवायचे नाहीत. आणि कॉलम-स्लॅब भरताना दर वेळी काँक्रीटचे ठोकळे काढून लॅबला पाठवायचे, सात दिवसांचा आणि अठ्ठावीस दिवसांचा रिपोर्ट. एम २५ (काँक्रीटची ग्रेड) म्हटलं तर अठ्ठावीस दिवसांनी ठोकळ्याने दर चौरस मिलिमीटरला २५ न्यूटनचा दाब घेतला पाहिजे. ठोकळ्यावर तारीख खिळ्याने ओल्या काँक्रीटमध्येच कोरायची, आणि तिथे आपला माणूस उभा पाहिजे, नाहीतर दुसऱ्याच साईटचा चांगला ठोकळा लॅबला जातो. हे काम मी आमच्या युवा मंडळाच्या दोन सिव्हिल डिप्लोमावाल्या पोरींना दिलंय. त्या माझ्यापेक्षा कडक आहेत.

पैसे मध्येच संपले तर?

टप्प्याटप्प्यानेच करणार. पाया दोन मजल्यांचा भरायचा, बांधायचा एकच. पहिल्या टप्प्याचे पूर्ण पैसे खात्यात आल्याशिवाय वर्क ऑर्डर नाही. मग टाईल्स नंतर, स्टेज नंतर, एसी तर विसराच. पण गिलावा न झालेला हॉलसुद्धा शेडपेक्षा बरा, पाऊस तरी आत येत नाही.

हॉल लग्नाला भाड्याने देणार का? बाहेरच्यांना?

पॅरिशच्या घरांना कमी दरात, बाहेरच्यांना द्यायचं का ते फादर आणि कौन्सिल ठरवतील. दारू आणि डीजे दोन्हीला नाही, यावर कोणी भांडायला येऊ नये. नोंदणीकृत धार्मिक ट्रस्टने चर्चच्या आवारातला हॉल दिवसाला १०,००० पेक्षा कमी भाड्याने दिला तर त्यावर जीएसटी नाही, १०,००० किंवा वर गेलं की सूट गेली, म्हणून दर ठरवताना ते डोक्यात ठेवा. भाडं घ्यायला लागलो की महापालिकेच्या घरपट्टीतही फरक पडतो, प्रार्थनेच्या जागेची माफी भाड्याच्या जागेला चालत नाही. तो खर्च भाड्यातून निघाला पाहिजे, रविवारच्या कलेक्शनमधून नाही.

कार्ड कुठे मिळेल, कोणाला भेटायचं?

दोन्ही मिस्सानंतर ग्रोटोच्या (मरियामातेच्या गुहेच्या) बाजूला टेबल असतं. सकाळच्या मिस्साला मी असतो, दुसऱ्या मिस्साला आमच्या कमिटीच्या बाई, त्यांच्याकडे सुट्टे असतात, माझ्याकडे नसतात. पेन घेऊन या, टेबलावरचा पेन तीन रविवारांपासून कोणीतरी नेलाय.